परसातलं रक्त

आरोग्य केंद्रातला यंत्रमानव धन्वी भर दुपारी टॉर्च पेटवून केतकीच्या परसातल्या अळवाची पानं उलटून बघत होता. काय हरवलंय, असं केतकीने विचारलं तर म्हणाला, रक्त.

झालं होतं असं. केतकीची सुलभाआत्या, म्हणजे त्यांच्याच घरी राहणारी बाबांची सख्खी बहीण, दिवसेंदिवस वाळत चालली होती. शेवटी ती केंद्रात गेली आणि मान खाली घालून पुटपुटली, "परसाकडं जाते तेव्हा रक्त पडतं." धन्वी नवाकोरा. परस म्हणजे घरामागची जागा, एवढंच त्याला शिकवलेलं. शौचाला जाण्यालाही आपल्याकडे परसाकडं जाणं म्हणतात, हे बिचाऱ्याच्या गावीही नव्हतं!

केतकीला आधी हसू फुटलं, मग तिच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे आत्याला रक्त पडतं, हे घरात बाकी सगळ्यांना ठाऊक होतं? आईने उष्णता म्हणून सब्जा पाजला, बाबांनी मूळव्याध म्हणून हात झटकले, आणि बाई मरणाला टेकली तरी सरळ शब्द तोंडातून काढायचा नाही. कसली मेली ही लाज?

तिनेच धन्वीला खरा अर्थ सांगितला. त्याने लगेच आत्याच्या हातातून रक्त काढलं.

"दुखणं आतड्यात, मग सुई हाताला कशाला?" केतकी फणकारली.

धन्वीने समजावलं. प्रत्येक पेशीत जनुकं (शरीर कसं घडवायचं याच्या सूचना) असतात. त्यांत चुका साचल्या की पेशी बेसुमार वाढून गाठ होते, तोच कर्करोग. गाठीतल्या पेशी मरतात, तेव्हा त्या चुकलेल्या सूचनांचे तुकडे रक्तात वाहत येतात. शिवाय रक्तात पांढऱ्या पेशी (रोगाशी लढणारी फौज) असतात. त्यांतल्या कुठल्या वाढल्या, कुठल्या घटल्या, यावरूनही आत काही बिघडल्याचा अंदाज येतो. या सगळ्या जैवखुणा (शरीरातल्या बदलाची रक्तात सापडणारी चिन्हं). पण खूण म्हणजे निकाल नव्हे. लहान गाठीची खूण कधी सापडतही नाही. म्हणून शौचावाटे रक्त पडत असेल, तर आतडं दुर्बिणीतून बघायलाच हवं.

आत्याच्या रक्तात खुणा सापडल्या. तालुक्याच्या दवाखान्यात दुर्बिणीतून गाठही दिसली. ती अजून पसरलेली नव्हती, काढता येणार होती. आत्या ऐकून ढसाढसा रडली.

जनुकांतल्या काही चुका घराण्यातून येतात, सख्ख्या भावंडांनीही तपासून घ्यावं, असं धन्वी घरी येऊन म्हणाला. बाबा म्हणाले, मी ठणठणीत आहे, आणि चपला शोधू लागले. केतकी दारात आडवी उभी राहिली.

"आत्याही हेच म्हणायची. तुम्ही अजून किती लाजणार आहात, बाबा?"

बाबांनी चपला शोधणं थांबवलं.

"मलाही शौचाला रक्त पडतं," ते म्हणाले. "दिवाळीपासून."

केतकीला एवढा संताप आला की तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. दर वेळी कर्करोगच असतो असं नाही, आणि असला तरी लवकर कळला तर पुष्कळ जण पूर्ण बरे होतात, असं धन्वी हळूच म्हणाला. तिने बाबांचं मनगट घट्ट पकडलं आणि केंद्राची पायरी येईपर्यंत सोडलं नाही.