ठोक्याचं मनगट

आधीच सांगून ठेवते, या गोष्टीवर कुणाचाही विश्वास बसणार नाही. ज्याच्या बाबतीत ती घडली तो माणूस आत्ता खिडकीशी बसून मटार सोलतोय, आणि त्याला विचारलंत तर तोही म्हणेल, "छे, असं कुठं झालं होतं!" त्याच्याकडे लक्ष देऊ नका. त्याची स्मरणशक्ती पहिल्यापासून प्रामाणिक आहे, त्यामुळे गोष्ट सांगायला बिनकामाची.

समोर बसलीय ती माझी नात. घरात तिला सगळे वकीलबाई म्हणतात. उलटतपासणी घेतल्याशिवाय ती दूधही पीत नाही.

तर, मी तेव्हा पंचविशीत होते आणि रुग्णालयाच्या तळमजल्यावर माणसांचे आतून फोटो काढत होते. बाहेरून फोटो काढणारे म्हणतात, 'हसा'. आम्ही म्हणतो, 'हलू नका'. हसलात तरी चालेल, रडलात तरी चालेल, पण हललात की फोटो पुसट. आमच्या धंद्याचं सगळं शास्त्र या दोन शब्दांवर उभं आहे.

आणि नेमका माझ्या नशिबी कोण आला? ठोक्या!

त्याला पाहण्याआधी मी त्याला ऐकलं. टक-टका-टक, टक-टका-टक... बाहेरच्या बाकावर एक कुरळ्या केसांचा तरुण बसला होता आणि सुजलेल्या डाव्या हातानंसुद्धा बाकावर ताल धरत होता. शेजारच्या प्लास्टरवाल्याचा अंगठा त्या तालावर हलत होता. फरशी पुसणाऱ्या बाईंचा पोछा तालावर फिरत होता. कोपऱ्यातल्या पाण्याच्या पिंपाचा नळसुद्धा तालावर गळत होता. नाही ना विश्वास बसत? म्हटलं होतं मी.

"आत या," मी म्हटलं. "हात इथे ठेवा."

"कुणाच्या हातात?"

"टेबलावर! काय झालं हाताला?"

"स्टेजवरून पडलो. ड्रम वाचवायला गेलो."

"हातापेक्षा ड्रम महत्त्वाचा?"

"ड्रम नवीन होता, मॅडम. हात जुनाच आहे."

मी हसू आवरलं. म्हणजे... आवरलं असं मला वाटलं. त्यानं ते पाहिलं होतं.

मी शिशाचा एप्रन चढवला आणि त्याला समजावलं. एक्स-रे म्हणजे सावली. किरण मांसातून आरपार जातात, हाडांपाशी अडतात. जिथे अडतात तिथे पांढरं उमटतं.

"आणि मनातलं कुठे उमटतं?"

"त्याचा विभाग वेगळा. दुसरा मजला, मनोविकार."

एक्स-रे क्षणात होतो, त्यामुळे दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत मी तो काढला. फोटो अगदी स्वच्छ आला. ठोक्या टाळी वाजवायला गेला आणि कळवळला.

आमचे मोठे डॉक्टर फोटोवर खूश नव्हते. त्यांनी ठोक्याच्या अंगठ्याच्या मुळाशी असलेला खळगा दाबला, आणि हा असा ओरडला की वरच्या मजल्यावरची बाळं जागी झाली. डॉक्टर म्हणाले, "इथे काजूएवढं एक हाड असतं. तडकलं तरी पहिल्या एक्स-रेत पुष्कळदा दिसत नाही. तू असाच बडवत राहिलास, तर त्याचा रक्तपुरवठा तुटेल. हाड मरेल. मनगट आखडलं की वाजवणं कायमचं बंद."

"पण फोटोत काही नाही ना?" ठोक्या म्हणाला. "शनिवारी आमचा बँड दौऱ्यावर निघतोय. पहिला दौरा आहे, डॉक्टर. काही नाही, तर मी जाणार."

"शनिवारच्या आत मला खात्रीचा फोटो हवा," डॉक्टर म्हणाले.

"मिळेल," मी म्हटलं.

मला कुणी विचारलंच नव्हतं.

ठोक्या माझ्याकडे वळला. "आणि नाही मिळाला तर?"

"तर मी तुमच्या नव्या ड्रमवर उडी मारीन. मग बघू कशावर वाजवता."

दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी. त्यात किरण नसतात. आवाजाची हाक मारायची, कानाला न ऐकू येणारी, आणि आतून येणाऱ्या प्रतिध्वनीवरून चित्र बनवायचं. पोटातल्या बाळाला बघतात ते हेच. मी त्याच्या मनगटावर गार जेली लावली आणि तो टुणकन उडाला.

"सांगून तरी लावा!"

"मोठे ड्रमवाले म्हणे!"

स्नायूंना हाडांशी बांधणाऱ्या दोऱ्या धडधाकट निघाल्या. मग सीटी स्कॅन. तोही एक्स-रेच, पण यंत्र भोवती फिरतं आणि पावाचे काप करावेत तसे शरीराचे काप दाखवतं. डोक्याला मार लागला, आत रक्तस्राव असला, तर डॉक्टर आधी तिकडेच धावतात. तेही भरकन उरकलं. त्यातही भेग दिसेना.

"मॅडम, हार माना," ठोक्या म्हणाला. आम्ही व्हरांड्यात चहा पीत होतो. रोज का पीत होतो, ते विचारू नका. "तुमची तीन यंत्रं सांगताहेत, हात बरा आहे."

"आणि हात काय सांगतोय?"

कप त्यानं उजव्या हातात घेतला होता. डावा मांडीवर मुकाट पडला होता, आणि मी पाहतेय हे कळल्यावर त्यानं तो खिशात घातला.

"एक सांगू?" तो म्हणाला. "तुम्ही चिडलात की चार पावलं भरभर टाकता, मग अर्धवट थांबता... मग एकच जोरात. मी काल त्यावर एक चाल बसवली."

"रुग्णानं पावलं ऐकायची नसतात."

"मग पावलं इतकी छान टाकायची नसतात."

मी उठले. चार पावलं भरभर टाकली, अर्धवट थांबले... आणि पाचवं टाकायची मला लाज वाटली.

उरला एमआरआय. भलामोठा लोहचुंबक. तो शरीरातल्या पाण्याच्या कणांना रांगेत उभं करतो, मग रेडिओ लहरींनी त्यांना टिचकी मारतो आणि ते काय उत्तर देतात ते ऐकतो. मेंदू, मणका, गुडघ्याची गादी, आतून मुका मार बसलेलं हाड, सगळं त्याला कळतं. किरण नसल्यामुळे गरज पडली तर आत कुणी सोबतीला उभंही राहू शकतं. मात्र अंगावर लोखंडाचा कण चालत नाही, आणि पुष्कळ वेळ दगडासारखं पडून राहावं लागतं.

त्यात ते यंत्र गप्प नसतं! धाड-धाड-धाड, टर्रर्र, धाड. कानाला संरक्षण दिलं तरी ऐकू येतं.

"मॅडम!" आतून ठोक्या आनंदानं ओरडला. "हे बेसूर आहे, पण तालाला पक्कं आहे!"

झालं. त्याच्या बोटांना आमंत्रणच मिळालं. फोटोत हाडाच्या जागी धुकं.

मी स्पंजच्या उशा लावल्या. पट्टे बांधले. पट्ट्यांनाच ताल लागला. डॉक्टरांनी झोपेचं औषध दिलं, तर तो घोरत घोरत वाजवू लागला, तेही आधीपेक्षा सफाईनं. धुकं, धुकं, नुसतं धुकं.

शुक्रवार उजाडला. विभागात मी एकटीच होते. ठोक्या आला तो प्रवासाची पिशवी घेऊनच.

"आता सोडा," तो म्हणाला. या वेळी आवाजात चेष्टा नव्हती. "मी वाजवलं काय, न वाजवलं काय... तुम्हाला काय फरक पडतो?"

"पडतो."

"का?"

मी यंत्राकडे बघत बोलले, त्याच्याकडे नाही. "मला तुमचं वाजवणं ऐकायचंय."

"मग दौऱ्याला चला की!"

"दौऱ्यात नाही... म्हातारपणी."

पिशवीवर ताल धरणारी त्याची बोटं थांबली. "कुणाच्या म्हातारपणी?"

"दोघांच्याही," मी म्हटलं. "तेव्हा मनगट शाबूत लागेल. आडवे व्हा."

तो आडवा झाला. मी काचेमागे गेले, दार लावलं. बटणं सगळी काचेबाहेर असतात, दार लागल्याशिवाय यंत्र चालू होत नाही, आणि मध्येच उघडलं तर बंद पडतं. माइकवर म्हटलं, "ऐका. गाण्यात तुम्ही जागा मोकळी सोडता ना? तिथे वाजवत नाही, पण ताल तर चालू असतो?"

"असतो."

"मग आता तेवढीच वाजवा. मोकळी जागा."

यंत्र गर्जायला लागलं. आणि बघतेय तर त्याची करंगळी... थरथरली. मग मात्र मी मागंपुढं पाहिलं नाही. घड्याळ फेकलं, केसांतल्या पिना उपटल्या, आत धावले आणि त्याची बोटं माझ्या दोन्ही हातांत घट्ट धरली. ते काय धडाडत होतं! पण मी हलले नाही, त्यालाही हलू दिलं नाही. शेवटच्या धाडपर्यंत धरून ठेवली. पडद्यावर ते काजूएवढं हाड आरशासारखं स्पष्ट उमटलं, आणि त्यात केसासारखी बारीक भेग. डॉक्टरांनी पाहिली आणि हाताला तिथल्या तिथे प्लास्टर घातलं. बँड त्याच्याशिवाय गेला. प्लास्टर निघालं तेव्हा त्या हातानं त्यानं पहिली चाल वाजवली ती माझ्या पावलांची. मी धरली नसती ना ती बोटं, तर आज तुझे आजोबा—

"थांब आजी," वकीलबाई म्हणाली.

"आता काय?"

"त्या दिवशी विभागात तू एकटीच होतीस."

"एकटीच."

"बटणं सगळी काचेबाहेर. आणि दार उघडलं की यंत्र बंद पडतं."

"पडतं म्हणजे पडतंच. नियम आहे तो."

खिडकीपाशी मटारच्या भांड्यावर इतका वेळ हलकेच ठोके पडत होते. चार भरभर, एक अर्धवट... पुढचा पडलाच नाही.

वकीलबाईनं खिडकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि घरभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "खोटं! आजी, तू बाहेरच होतीस! हात कुणीच धरला नव्हता... आजोबा आपले आपणच थांबले होते!"