सितारामने सांगितलेली तिसरी गोष्ट

पंखा मध्येच थांबला होता, असं सितारामला आठवतं. पण स्वतःच्या आठवणीवर त्याचा भरवसा कधीच नव्हता आणि आता वयही झालंय. दुपार होती हे मात्र नक्की. ताडकळसजवळच्या त्याच्या गावी, वस्तीतल्या समाजमंदिराच्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या होत्या. खांबावरून तार ओढून पूर्ण्याहून आणलेला व्हिडिओ दोन वाजता सुरू केला होता.

कॅसेट परदेशी निघाली. जपानी असावी. भुतांच्या वेगवेगळ्या गोष्टी, आणि प्रत्येकीत माणसाच्या मनातला एकेक काळोख. पण भाषा कुणालाच कळेना.

"सिताराम, तू सांग की," चुलती सरजाबाई म्हणाली.

"काकू, मला जपानी येत नाही."

"येमे झाला, परभणीत पोरं शिकवायला, अन् येत न्हाई म्हणं! चारचौघांत अब्रू घालवू नको आमची."

लोक हसले. सिताराम उठला. येत नाही हे पुन्हा सांगायची लाज वाटली म्हणून चित्रं बघत तो बेधडक रचू लागला. पहिली गोष्ट हेव्याची केली, दुसरी हव्यासाची. माणसं श्वास रोखून ऐकत होती. वस्तीबाहेरचे, गावातले दत्तरावही दाराशी येऊन बसले होते. सरजाबाई शेजारणीला कोपर मारून म्हणत होती, "आमच्या सुलाचं पोरगं हाय."

सुलाबाई म्हणजे त्याची आई. अठ्ठ्याहत्तर साली, विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाल्यावर वस्ती जाळली गेली, तेव्हा सिताराम परभणीला होता. त्याच्या परीक्षांचे कागद काढायला आई जळत्या घरात शिरली आणि कागदांसकट संपली, असं सगळे मानत होते.

तिसरी गोष्ट सुरू झाली आणि पंखा थांबला. नीट ऐकू यावं म्हणून कुणीतरी बंद केला असेल, असं त्याला वाटलं. घामाच्या वासात ओल्या जळणाच्या धुराचा वास मिसळला. पडद्यावर एक बाई पाठमोरी, बंद दारासमोर. ठक... ठक... ठक.

"ती दार वाजवायलीय," सिताराम म्हणाला. इतका वेळ पुस्तकी बोलणाऱ्या त्याच्या तोंडात आईची बोली आली होती. "आतला माणूस कडी धरून हुबा हाय. ती म्हनती... मला आत घिऊ नका. माजी सासू घरात अडकलीय, मला मागं जायचंय. पोराचे कागद तेवढे ठिवून घ्या..."

दत्तराव ताडकन उठले.

"कुणी सांगितलं तुला हे?"

"कुणी नाही... मी रचतोय."

"तवा ती अन् मी, दोघंच होतो. मधी माज्या दाराची फळी. तिसरं कुणी न्हवतं..."

ते निघून गेले. पडद्यावरची बाई वाजवतच होती. दत्तराव परतले तेव्हा चारच्या एसटीचा हॉर्न ऐकू आला. त्यांच्या हातात लाल कापडात बांधलेलं बासन होतं.

"कागद दाराखालून सरकवले तिनं. मी कडी काढली न्हाई. लय भ्यालो होतो. मागनं द्यायची लाज वाटली... अन् जाळायची हिंमत झाली न्हाई."

सितारामने बासन सोडलं. वरच त्याची मॅट्रिकची मार्कलिस्ट होती. तिला धुराचा वास येत होता.

सरजाबाई उभी राहिली, मान ताठ. "म्हंजी आमची सुला आसरा मागाया गेलीच न्हवती. ऐका रे समदे! सासूला काढाया मागं फिरली ती."

दत्तरावांनी मान खाली घातली. सितारामची छाती भरून आली. एम.ए. झाला त्या दिवशीही एवढी भरली नव्हती. त्याने वळून पाहिलं तर पडदा काळा झाला होता. त्याच संध्याकाळी त्याने बासनावर तारीख घातली: १२ मे १९८५.

ती तारीख होती म्हणूनच, निवृत्तीनंतर त्या थांबलेल्या पंख्याच्या शंकेने झोप उडाली तेव्हा, तो वीज उपकेंद्रातल्या चंद्रभानकडे गेला. चंद्रभानने धूळ झटकून जुनी नोंदवही काढली आणि बोट ठेवलं. बारा मे. गावाची लाइन दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी गेली होती, आणि आली ती रात्री आठला.