पुठ्ठ्याचं इंजिन

आमचं लग्न ठरलं. पण ते बाजूला ठेवा. समजा, अजून असं काही झालेलंच नाही. तो अजून गॅरेजच्या दारात उभा आहे आणि गाडीखाली आडवी पडलेली मी त्याचे फक्त बूट पाहते आहे.

"मिस्त्री आहेत का?" बुटांनी विचारलं.

"बोला."

"म्हणजे... मोठे मिस्त्री?"

"ते माझे बाबा. चहा घेताहेत. मी पाच फूट सात इंच आहे, चालेल?"

तो शिंपी होता. कोट शिवायचा. मामाने त्याला दोन दारांची जुनी गाडी दिली होती. चढ दिसला की तिचं इंजिन हात टेकायचं. त्याला शर्यतीत पळणारं इंजिन हवं होतं.

"आठ सिलिंडरचं," तो म्हणाला.

"नाक जड होईल, गाडी वळणार नाही. चारचं टर्बो घ्या. हलकं आणि जोरकस."

"त्याचा आवाज मिक्सरसारखा येतो म्हणे."

"तुम्हाला पळायचंय की गायचंय?"

तो हसला. गळ्यातला टेप काढून त्याने इंजिनाची जागा मोजली... इतक्या हळुवार, की गाडीला गुदगुल्या होतील. "आठचं बसतं!"

आमच्याकडे इंजिन विकत घेण्याआधी त्याच मापाचं पुठ्ठ्याचं इंजिन करून गाडीत ठेवून बघतात. ठेवलं. बॉनेट लागेना.

"मापात काय केलंत?"

तो कानापर्यंत लाल झाला. "शिलाईसाठी... दीड इंच जास्त धरलं. सवय."

"शिंपीबुवा, लोखंड उसवून सैल करता येत नाही."

मग तो दर मंगळवारी नवं इंजिन सुचवू लागला. सहाचं. दहाचं. एकदा तर बोटीचं. मी प्रत्येकाचं पुठ्ठ्याचं इंजिन केलं. बोटीच्याला पंखासुद्धा लावला. चारचं मात्र त्याने सांगितलं नाही आणि मी आठवण करून दिली नाही. कारण ते बसणार होतं. ते बसलं की गाडी जाणार... आणि गाडीबरोबर मंगळवार.

शेवटी बाबा म्हणाले, "अगं, हे गॅरेज आहे की रद्दीचं दुकान? शनिवारपर्यंत इंजिन ठरव, नाहीतर गाडी बाहेर!"

शनिवारी तो स्वतःच एक खोकं घेऊन आला. चारचं. कडा बारीक, सरळ टाक्यांनी शिवलेल्या. आम्ही दोघांनी ते अलगद आत सोडलं. बोटाला बोट लागलं. बॉनेटही लागलं — टक्.

कुणालाच आनंद झाला नाही.

"कधी शिवलंत?"

"दुसऱ्याच मंगळवारी."

"म्हणजे सहा आठवडे—"

"तुम्हालाही माहीत होतं ना?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"मी... घाईत काम करत नाही."

तो टेपचं टोक बोटाला गुंडाळत राहिला. "गाडी झाल्यावरही मंगळवारी आलो तर? तुमच्या या डगल्याच्या बाह्या बघवत नाहीत मला. आणि... तुम्हाला बघितल्याशिवाय राहवत नाही."

मी ग्रीसने माखलेला हात पुढे केला. "घ्या माप. पण दीड इंच जास्त धरू नका."

त्याने धरलं. हातच धरला.

गाडीचं इंजिन बदलायचं तर नोंदणी कार्यालयाला अर्ज करावा लागतो. त्याच संध्याकाळी मी तो लिहायला बसले:

'मा. वाहन नोंदणी अधिकारी यांस,
सदर गाडीत चार सिलिंडरचे इंजिन बसते, हे उभयतांस मान्य आहे. तथापि, निवडीबाबत दर मंगळवारी समक्ष चर्चा होणे अत्यावश्यक असल्याने, इंजिन ठरविण्याची मुदत चाळीस वर्षांनी वाढवून मिळावी, ही नम्र विनंती.
सोबत : पुठ्ठ्याची इंजिने, नग सात.'