हलू नकोस, रेघ आखतेय

"ही गाडी तू ढकलतेस, की ती तुला ओढते?"

फक्कीच्या गाडीचा दांडा धरूनच मी वळून पाहिलं. मैदानाच्या कोपऱ्यात एक लांबलचक मुलगा उभा होता... हातात गोलकीपरचे मोजे, चेहऱ्यावर आगाऊ हसू. परवाच टीममध्ये आलेला. सगळे त्याला जिराफ म्हणत, आणि का ते विचारायची गरज नव्हती.

"बाजूला हो. फक्की उडाली तर पांढरा होशील."

"होऊ दे की. जिराफाला ठिपके शोभतात."

हसू दाबता दाबता माझ्या नाकी नऊ आले. आज हसायला सवड नव्हती. या बागेचं आणि मैदानाचं सगळं माझे बाबा बघतात – गवत कापणं, पाणी, आखणी. आज पहिल्यांदाच त्यांनी दोरी न ताणता, नुसत्या नजरेनं रेघ मारायला मला सांगितलं होतं. सरळ आली, तर उद्याच्या सामन्यापासून सगळी आखणी माझी. वाकली, तर पुन्हा आपली दोरीचं टोक धरून बसायची पाळी.

बाबांचा मंत्र एकच. चाकाकडे बघायचं नाही, समोरच्या खुंटीकडे बघायचं. नजर जिथे, रेघ तिथे.

"मी खुंटीमागे थांबतो," जिराफ म्हणाला. "तेवढीच तुला खूण."

आणि गेलासुद्धा, ढांगा टाकत.

मी निघाले. नुकत्याच कापलेल्या गवताचा हिरवा वास, मागे सरसर उमटत जाणारी पांढरी रेघ... मी चालत नव्हतेच, तरंगत होते. खुंटी ती केवढी, गुडघ्याएवढी. तो मात्र – कसा छान दिसत होता.

थांबले, तेव्हा चाक त्याच्या बुटांना टेकलं होतं.

खुंटी चार हात लांब.

बाबा आले. त्यांनी रेघ पाहिली, खुंटी पाहिली, मग जिराफाला खालपासून वरपर्यंत पाहिलं. त्याला जरा वेळ लागला.

"निघालीस तर सरळ, बाळा. मध्येच कुणाकडे वळलीस?"

"काका, माझं चुकलं," जिराफ घाईघाईनं म्हणाला. "फुलांच्या ताटव्यातला पाण्याचा फवारा अंगावर यायला लागला, म्हणून मी सरकलो."

"तू सरकलास. रेघ का सरकली?"

चाक बिघडलंय म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं...

"कारण मी खुंटीकडे बघत नव्हते," मी म्हणाले. "याच्याकडे बघत होते."

जिराफाच्या हातातला मोजा गळून पडला. बाबा उगाचच खोकले.

"दोरी आणतो," ते म्हणाले.

"नको, बाबा. अजून एकदाच. हा आता हलणार नाही."

बाबांनी नुसते दोन झाडू आमच्यापुढे धरले.

वाकडी रेघ आम्ही दोघांनी झाडून काढली. मग तो नेमका खुंटीमागे जाऊन उभा राहिला.

"किती वेळ हलायचं नाही?"

"मी पोचेपर्यंत."

फवारा फिरून आला आणि त्याला नखशिखांत भिजवून गेला. तो हलला नाही. पुन्हा आला... तरी नाही. आणि मी बघत होते, उघड उघड, डोळे भरून, अगदी कामाचा भाग म्हणून.

चाक टक्कन खुंटीला लागलं.

"पोचलीस?" त्याच्या भुवयांवरून पाणी गळत होतं.

"पोचले."

मागे वळून पाहिलं. रेघ सुतासारखी सरळ. आणि तिच्या पलीकडच्या टोकाला बाबा, पाठमोरे, तयार ठेवलेली दोरी गुंडाळत होते.