चार हजार टिळे

शंखबेटावर यंदा राज्याभिषेकाच्या तबकात कुंकू, अक्षता आणि नारळाशेजारी वंशवाचक नावाचं मुठीएवढं यंत्र होतं. थुंकीचा थेंब घातला की जनुकांतल्या खुणा वाचून ते माणसाचा वंश सांगे.

बेटाचा नियम साधा. मूळपुरुष भानजीराजांच्या रक्ताच्या प्रत्येक माणसाने टिळा लावायचा, मगच गादी. एकाने जरी हात आखडला तरी सगळं फिसकटलं. अशी माणसं अकराच, असं सगळे धरून चालत. दहांचे टिळे झाले होते. अकरावे, म्हणजे गादीवर बसणाऱ्या हेमांगीचे काका रणधीरराव, मात्र हटून बसले.

"हेमांगी दत्तक आहे. मिठागरातून उचलून आणलेली पोर. आधी रक्त दाखवा."

हेमांगीने तबकातलं यंत्र उचलून पुढे धरलं. गादी सांभाळीन, असा शब्द तिने मरणाऱ्या बापाला दिला होता.

मुख्य भूमीवरून आलेल्या डॉक्टर नसीमबाईंनी तिचा नमुना देव्हाऱ्यात जपलेल्या भानजीराजांच्या दाताशी ताडून पाहिला. हिरवा दिवा लागला. पोर राजाच्याच वंशातली निघाली.

"यंत्र बिघडलंय," रणधीरराव म्हणाले. "त्या बाईला तपासा बघू."

ती बाई म्हणजे मीठ ओवाळायला आलेली मिठागरातली सावळाबाई. तिचाही दिवा हिरवा. पहारेकऱ्याचा हिरवा, रणधीररावांचा हिरवा. शेवटी नसीमबाईंनी स्वतःचा थेंब घातला, तेव्हा कुठे लाल दिवा लागला.

"यंत्र ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. "चारशे वर्षं तुमची लग्नं बेटावरच होताहेत. सोळा पिढ्यांत राजाचं रक्त घरोघरी पोचलंय."

काका करायला गेले गणपती आणि झाला मारुती. घाईघाईने त्यांनी कुंकवात बोट बुडवलं. "चल, लावतो टिळा. मिटवू प्रकरण."

हेमांगीने त्यांचा हात हलकेच बाजूला केला. "तुमच्या एकट्याने आता भागत नाही, काका. नियम प्रत्येक माणसाचा आहे."

ती पायऱ्या उतरून अंगणात आली. क्षणभर कुणाला काही कळेना, आणि कळलं तेव्हा ढोलांनी बेट दणाणून सोडलं. बेटावरच्या चार हजार माणसांची रांग पार धक्क्यापर्यंत गेली. म्हातारेकोतारे रडत होते, हसत होते. आपण राजाचे कोणी लागतो, हे त्यांना जन्मात पहिल्यांदा कळत होतं.

रांगेत पहिली सावळाबाई. तिने कुंकू बोटावर घेतलं.

"आणि नाही लावला तर?"

"तर मी राणी नाही," हेमांगी म्हणाली.

सावळाबाईचं बोट तिच्या कपाळापाशी थांबलं.

"मग आधी हे सांग पोरी, समुद्र दरवर्षी मिठागरात घुसतोय, त्या बांधाचं तू काय करणार आहेस?"