फ्लास्कमधली धडधड

ताईचं हृदय त्या दुपारी थांबलं. डॉक्टर म्हणाले, थांबलंच नव्हतं. डॉक्टर शिकलेले आहेत, तेव्हा आपणही थांबलं नव्हतं असंच धरून चालू.

बाकी सगळं खरं आहे. ताई म्हणजे माझी मावसबहीण, पेशीशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला. जागा, विद्यापीठाच्या तळघरातली प्रयोगशाळा. वेळ भर दुपारची. भुतांनाही हल्ली ऑफिसची वेळ पाळावी लागत असावी.

परीक्षेसाठी तिनं वाढवलेल्या पेशींना बुरशी लागली. नव्या मिळेनात. वर्ष वाया जाणार, म्हणून तिनं स्वतःच्या कोपराची चिमूटभर कातडी काढून फ्लास्कमध्ये वाढवली.

तिथं हे सक्त मना आहे. परक्या पेशी चुकून अंगात शिरल्या तर शरीर हाकलून देतं. आपल्याच शिरल्या, तर घरचं माणूस समजून दार उघडतं.

पेशी मात्र झकास वाढल्या.

मग सूक्ष्मदर्शकाखाली त्या... हलल्या.

सगळ्या. एकदम.

थांबल्या. पुन्हा हलल्या.

तिच्या वर्गातली ढापणी, चष्म्यावरून पडलेलं नाव, डोळा लावून बघत राहिली.

"हृदयाच्या असतील. त्या धडधडतात."

"कातडी आहे गं."

"मग कातडीला कसली एवढी काळजी?"

चेष्टेचेष्टेत ढापणीनं ताईची नाडी धरली. आणि पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला...

"अगं, तुझा आणि ह्यांचा ठोका एकच आहे."

सरांना कळलं. नियम मोडला म्हणून ते फ्लास्क नष्ट करायला बसले. ब्लीचचा पहिला थेंब आत पडला...

ताई खाली.

पुढचं डॉक्टरांनी सांगितलंच आहे. सरांनी फ्लास्क मुकाट्यानं इन्क्युबेटरच्या उबेत परत ठेवला. भुताखेतांवर त्यांचा विश्वास नाही. फक्त त्या खोलीचं दार ते आता हळू लावतात.

ताई पास झाली. दुसऱ्या गावी नोकरीही लागली. गेली नाही. पेशींचं खाणंपिणं चुकलं की घसा हिचा कोरडा पडतो. फ्लास्क उबेबाहेर काढला की दात हिचे वाजतात.

मावशी फोनवर चिडते, "तिथं कोणी बांधून ठेवलंय तुला?"

ताई म्हणते, "मीच."

परवा ढापणीनं पुन्हा नाडी धरली. ठोका आता एकत्र पडत नाही.

आधी फ्लास्क...

मग ताई.

सुट्टीत इमारतीची वीज बंद ठेवणार आहेत. ताईनं अर्ज दिलाय:

"तरी माझ्या हयातीपर्यंत तळघराचा वीजपुरवठा खंडित करू नये. तसेच माझ्या पश्चात फ्लास्कमधील हालचाल सुरू राहिल्यास मला मयत धरण्यात येऊ नये, ही नम्र विनंती."