वाकडं तास

प्रणिता, माही नात, दिवा जवळ ओढून बसली अन् म्हणे, "आबा, लिहाच." चौथी शिकलेल्या माणसाले लिहायले लावते! लिहितो, पण एकदाच.

बाजारहत्नूरकडच्या आमच्या गावात जवारीच्या पेरणीचं पहिलं तास, म्हंजे पहिली ओळ, मीच काढतो. चाळीस वर्सं झाली. दोरी नाई, खुंटी नाई. पलीकडच्या धुऱ्यावरच्या, बांधावरच्या पळसावर नजर ठेवायची अन् बैल हाकायचे. माह्या तासावरून बाकीचे आपली तासं धरतात.

मागच्या जूनमधी दौलतच्या वावरात उतरलो. भर दुपार. वारा पडलेला, ओल्या मातीचा वास. अन् पळसाच्या बुंध्यावर एक बारीक काळी रेघ वळवळली. डावा डोळा मिटला, तरी होती. उजवा मिटला... गेली. मागं पाह्यतो तं तास वाकडं. मधातच गळाच्या आकड्यासारखं वळलेलं.

दौलतनं समद्यांदेखत तिफणीचं रुमणं, मूठच माह्या हातातून हिसकलं. "बुढा आंधळा झाला! घरी बसून नातवंडं खेळव आता."

"आंधळा नाई. उजव्या डोळ्यात किडा हाये."

गाव हासलं. माही बायको सोजर तेवढी हासली नाई. तिनंच मले आदिलाबादले नेलं.

डॉक्टरीणबाईनं डोळ्यात थेंब टाकले, खोली अंधारी केली. फिनाईलचा वास, पंख्याची करकर. तिनं डोळ्यात उजेड टाकला अन् आणखी जवळ वाकली.

"काय दिसलं, बाई?"

"हलू नका, आबा... तो हलतोय."

"कोण?"

"किडा. डोळ्याच्या पडद्याखाली... उजेड पडला की सरकतो."

लेझरनं तिथंच जाळला. "लोक नजर गेल्यावर येतात," ती म्हणे, "तुम्ही आधीच ओळखलंत." ऐका! मशिनीच्या आधी मी पाह्यला. तिनं फोटो दिला. लाल पडद्यावर किड्याचा पांढरा आकडा. एकच होता, मेला.

नजर वाचली. यंदा समद्या वावरांत पहिलं तास माहंच. दौलतचं सोडून. त्यानं दोरी ताणून सोताच काढलं. मी धुऱ्यावरून पाह्यलं, सरळच होतं.

आठव्या दिवशी त्याची जवारी उगवली. मधातच वळलेली. मी खिशातला फोटो काढून धरला... वळण तेच.

दौलत धुऱ्यावर उभा. डावा डोळा मिटून पळसाकडं पाहत होता. मग उजवा मिटला.

"दिसते का रे ती रेघ?"

त्यानं उजवा डोळा चोळला. घाम पुसला.

दवाखाना कुठं हाये ते म्या सांगतलं त्याले. माफी मात्र अजून मागितली नाई त्यानं. त्या दौलतनं.